रिबलच्या खाडीतला गाळ: थरांचं वय कसं काढतात

इंग्लंडच्या वायव्येला, प्रेस्टन शहराच्या खाली, रिबल नदी आयरिश समुद्राला मिळते. उधाणाची भरती इथे आठेक मीटर चढते. आपल्याकडे खारफुटी असते तिथे इथे खारं गवत, आणि त्याच्या मुळांशी दर भरतीला थोडा गाळ बसतो. प्रेस्टनच्या गोदीसाठी एकोणिसाव्या शतकापासून पात्राला दगडी बांध घातले गेले, गाळ उपसला गेला. १९८१ साली गोदी बंद झाली, मग उपसाही थांबला. अशा बदलांनी गाळ साचायचा वेग किती बदलला, हे त्या गवताखालच्या थरांतून मोजता येतं.

कोअर, म्हणजे नळी ठोकून काढलेला गाळाचा उभा नमुना, घ्यायचा तो ओहळापासून लांब, जुन्या गवतात. ओहळ जागा बदलतात, काठ खातात आणि तोच जुना माल पुन्हा वर टाकतात. नळी ठोकली की आतला गाळ दबतो. नळी १०० सेंमी आत गेली आणि आतला गाळ ८५ सेंमीच भरला, तर १५ सेंमी दबले. ही नोंद जागेवरच करावी, नंतर ती कुठूनही मिळत नाही. मग १ सेंमीचे काप करायचे, आणि प्रत्येकाची नळीला घासलेली कड कापून टाकायची, कारण वरचा गाळ कडेने खाली ओढला जातो. सुकवताना पाण्यातलं मीठ मागे राहतं, तेही वजनातून वजा करावं लागतं.

थरांचं वय सांगणारं घड्याळ म्हणजे शिसे-२१०, शिशाचं किरणोत्सारी रूप. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. जमिनीतल्या रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो, हवेत त्याचं शिसे होतं आणि पावसाबरोबर खाली येतं. पण गाळातल्या रेडियममुळेही थोडं शिसे तिथल्या तिथे तयार होत राहतं, म्हणून एकूणातून ते वजा करायचं. ते रेडियम मोजायला नमुना किमान तीन आठवडे हवाबंद ठेवतात, म्हणजे त्यातून सुटलेला रेडॉन आतच साठतो. डबा गळका असला तर रेडॉन निसटतो, रेडियम कमी दिसतं आणि सगळाच हिशेब बिघडतो. शिसे-२१० ज्यावरून मोजतात ती गॅमा किरणांची रेषा ४६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची, म्हणजे इतकी दुबळी की नमुन्याचा चिखलच ती गिळतो. ती दुरुस्ती न करता दिलेल्या आकड्यांवर विसंबू नये.

उरलेल्या शिशाचा नैसर्गिक लॉगॅरिदम खोलीसमोर न मांडता दर चौरस सेंमीवरच्या एकूण कोरड्या वजनासमोर मांडावा. उतार समजा चौरस सेंमीमागच्या दर ग्रॅमला ०.०५ आला, तर ०.०३११ (शिसे-२१० चा वर्षाचा क्षयदर) भागिले ०.०५, म्हणजे वर्षाला चौरस सेंमीमागे ०.६२ ग्रॅम. सेंमीत वेग सांगितला की खालचे दाबलेले थर नेहमीच 'हळू' साचलेले वाटतात, आणि अलीकडे वेग वाढल्याचा भास होतो. ही चूक फार सर्रास दिसते.

वेग बदलता असेल तर सरळ रेषा चालत नाही. तिथे १९७८ साली अ‍ॅपलबी आणि ओल्डफील्ड यांनी मांडलेली, शिशाचा पुरवठा स्थिर धरणारी पद्धत वापरतात. पण कोअर शिसे संपेपर्यंत खोल गेला नसेल, तर खालचे थर आहेत त्याहून जुने ठरतात. शिवाय खाडीत बरंच शिसे गाळाबरोबरच येतं, त्यामुळे पुरवठा स्थिर राहीलच असं नाही. म्हणून दुसरा साक्षीदार हवाच.

तो इथे सीझियम-१३७, अणुचाचण्या आणि अणुकेंद्रांतून बाहेर पडणारं किरणोत्सारी मूलद्रव्य. जगभर त्याचं शिखर अणुचाचण्यांमुळे १९६३ चं धरतात, पण या किनाऱ्यावर तसं धरणं चूक. उत्तरेच्या सेलाफील्ड अणुकेंद्रातून समुद्रात सोडलेलं सीझियम १९७० च्या दशकाच्या मध्याला सर्वाधिक होतं, आणि त्यापुढे चाचण्यांची खूण बुजून जाते. २०२० साली घेतलेल्या कोअरमध्ये शिखर ४० सेंमीवर असेल, तर १९६३ धरून वेग वर्षाला ०.७० सेंमी निघतो, १९७५ धरून ०.८९. त्यातही समुद्रतळाच्या चिखलात मिसळून माल उशिरा येतो, त्यामुळे शिखर पसरट होतं. टोकदार शिखराची वाट पाहू नये. चिखलाला घट्ट चिकटणारं अमेरिशियम-२४१ हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य सोबत मोजलं तर पडताळा मिळतो.

कोकणच्या खाड्यांना ही सोय नाही. चाचण्यांचं सीझियमही उष्ण कटिबंधात कमीच पडलं, त्यामुळे भिस्त शिशावर. त्यात एका पुरात हातभर गाळ येऊन पडू शकतो. असा रेतीचा थर दिसला की त्याची जाडी आणि वजन वगळूनच वय काढावं, नाहीतर एका आठवड्याचा गाळ कित्येक वर्षांचा मोजला जातो.