तिन्हीसांजेचा लाल

अ‍ॅनिमेटेड चित्रपुस्तकांची रंगयोजना ठरवणे हे माझे काम आहे. प्रत्यक्ष रंगकामाच्या आधी आम्ही संपूर्ण गोष्ट छोट्या चौकटींत केवळ रंगांच्या पट्ट्यांनी मांडतो. तिला कलर स्क्रिप्ट म्हणतात. जत्रेत आईचा हात सुटलेल्या एका मुलीच्या पुस्तकाची कलर स्क्रिप्ट ठरली, तो दिवस माझ्या कायम लक्षात राहिला आहे.

दिग्दर्शिकेची अट अवघड होती. मुलगी हरवली हे निवेदकाने सांगायचे नाही, तिचे रडूही दाखवायचे नाही; पान पाहूनच मुलांना ते जाणवले पाहिजे. गर्दी वाढवावी, मुलीला लहान काढावे, असे पर्याय पुढे आले. मी मात्र तिला जागची हलवू नये, फक्त दिवस मावळू द्यावा, असे सुचवले.

तिचा परकर लाल होता आणि दुपारच्या उन्हात तोच आधी नजरेत भरत असे. भर उजेडात आपला डोळा सुमारे 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधारून येऊ लागले की ही संवेदनशीलता 500 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्याकडे सरकते. म्हणूनच तिन्हीसांजेला जास्वंदीचे फूल काळवंडते, पण तिची पाने मात्र दिसत राहतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवले होते. टॅब्लेटचा पडदा स्वतःच प्रकाशमान असल्यामुळे हा परिणाम तिथे आपोआप घडत नाही. तो चित्रकारालाच रंगवावा लागतो.

त्या दुपारी मी परकराची छटा लालच ठेवून त्याचा उजळपणा पानागणिक उतरवत नेला आणि कोपऱ्यातल्या आईचे निळे लुगडे त्याच गतीने उजळवत नेले. पाचव्या पानावर परकर आणि पाळण्याची सावली एकमेकांत मिसळून गेली. संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या पाच वर्षांच्या मुलीला आवाज बंद करून ही पाने दाखवली. तिसऱ्या पानापर्यंत ती पाळण्यांबद्दल बडबडत होती. चौथ्या पानावर ती पडद्याजवळ सरकली, पाचव्यावर तिने विचारले, "ती कुठे गेली?" मुलगी त्याच जागी उभी होती. रंगाच्या सामर्थ्याविषयी मी पुष्कळ वाचले होते, पण कथेतली एक घटना केवळ रंगाने घडताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

एक प्रश्न मात्र उरला होता. अशी पुस्तके बहुधा झोपताना पाहिली जातात आणि रात्री पुष्कळ पालक पडद्याचा नाइट मोड चालू ठेवतात. त्यात निळा प्रकाश कमी होतो, म्हणजे नेमके आईचे लुगडेच मळकट दिसणार. त्यामुळे मी लुगड्याच्या काठाला जवळजवळ पांढरी कड दिली, पाने ग्रेस्केलमध्ये पाहिली आणि रंग काढून टाकल्यावरही आई ठळक उरते याची खात्री झाल्यावरच कलर स्क्रिप्ट रंगकामासाठी पुढे पाठवली.