गुंतवळ

मागच्या आठवड्यात खिडकीच्या कठड्यावर एक पारवा लंगडत होता. टॉवेल टाकून अलगद धरला तर पायाला केसांचं गुंतवळ इतकं करकचून बसलेलं की एक बोट काळं पडून वाळलंच होतं. नखं कापायच्या कात्रीने एकेक केस कापत बसले, वीसेक मिनिटं गेली असतील, तेवढा वेळ त्याचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

माझा रिसर्चही नेमका यावरच चाललाय, शहरात माणसाचं प्राण्यांशी नैतिक नातं काय. घरातल्या कुत्र्या-मांजराचं उत्तर सोपं आहे, त्यांना आपण आणलं, आपणच सांभाळायचं. वाघाला त्याच्या जंगलात सुखाने राहू द्यायचं. पण पारवा, उंदीर, खार यांचं काय? सू डोनाल्डसन आणि विल किमलिका यांनी २०११ च्या ‘झूपोलिस’ या पुस्तकात यांच्यासाठी मधली जागा काढलीय, म्हणजे शहरात राहायचा हक्क आहे पण नागरिकत्व नाही. मला हे खारीबद्दल पटतं, पारव्याबद्दल अजिबात नाही. कारण हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी, माणसाने हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी, निरोप पोचवायला पाळला, आणि आज शहरात दिसतात ते बहुतेक त्या पाळलेल्यांचेच सुटलेले वंशज आहेत. आपणच पाळून सोडून दिलेल्यांची ही पिल्लं, मग त्यांना उपरे कसं म्हणायचं?

आता देणं लागतो म्हणजे रोज पसाभर दाणे टाकायचे का, तर नाही, आणि इथे माझं बऱ्याच प्राणीप्रेमी मित्रांशी वाजतं. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये वर्षानुवर्षं पारवे मारून काही फरक पडला नव्हता, खाणं तेवढंच असलं की मेलेल्यांची जागा नवे घेतात. १९८८ पासून तिथे लोकांना समजावून खायला घालणं कमी करवलं तेव्हा साधारण चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. कमी पारवे, कमी गर्दी, म्हणून जे आहेत ते जरा धड जगतात. शेजारच्या काकूंना दम्याचा त्रास आहे, विष्ठेची धूळ त्यांना खरंच बाधते, त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. जाळी त्यांनी जरूर लावावी, फक्त आत अंडी-पिल्लं नाहीत ना एवढं बघून.

आणि त्या बोटाचं म्हणाल तर २०१९ मध्ये पॅरिसच्या पारव्यांवर एक अभ्यास आला होता, ज्या भागात केस कापायची दुकानं जास्त तिथे बोटं तुटलेले पारवे जास्त सापडले. वाचलं तेव्हा मी फक्त एक टीप काढून ठेवली होती.

तो पारवा उडाला, काळं बोट बहुतेक गळून पडेल. मी मात्र आता विंचरून झालं की गुंतवळ कागदात घट्ट गुंडाळून मगच टाकते.