तुम्ही विचारलंत म्हणून: टस्कनीत गेलात तर पिची वळायला शिका

"इटलीत टस्कनीत चार दिवस आहोत. शेतावरच्या स्वयंपाकवर्गाला पैसे घालावेत का? आम्ही अंडं खात नाही." हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर एकदा लिहूनच टाकतो. घाला, पण महिना बघून. आणि ताल्यातेल्ले या अंड्याच्या, पट्टीसारख्या पास्त्याचा वर्ग सोडून पिची या बहुधा बिनअंड्याच्या पास्त्याचा शोधा.

'शेतातून थेट ताटात' असं सगळेच म्हणतात. नाव नोंदवण्याआधी एवढंच विचारा: आम्ही येऊ त्या आठवड्यात वाफ्यात काय असेल? एप्रिल-मेमध्ये बाकल्याच्या कोवळ्या शेंगा, मटार आणि आर्टिचोक असं उत्तर यायला हवं. जुलै ते सप्टेंबर टोमॅटो, वांगी, झुकिनी, बेसिल. नोव्हेंबरपासून काळपट पानांची केल ही पालेभाजी, जी थंडी पडली की गोडसर होते, आणि त्याच सुमाराला घाण्यावरून आलेलं हिरवं, घशाला झोंबणारं ऑलिव्हचं नवं तेल. फेब्रुवारीतही टोमॅटो-बेसिलचाच बेत असेल, तर बाग फोटोपुरती आहे असं समजा. शक्यतो 'आग्रितुरिस्मो', म्हणजे पाहुणे ठेवणारं शेतघर, निवडा. इटलीच्या 2006 च्या कायद्यानुसार तिथे पाहुण्यांची सरबराई हा जोडधंदा असतो, शेती मुख्य राहावी लागते. ही शेतघरं बहुधा गावाबाहेर, खडीच्या रस्त्यावर असतात. परतीच्या गाडीचं आधी ठरवून ठेवा.

उन्हाळ्यात झुकिनीची फुलं खुडायची असतील तर सकाळचा वर्ग घ्या. फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं. मिटलेल्या फुलात कीटक अडकलेला असू शकतो. लांब, बारीक देठाचं ते नर फूल, तेच तोडायचं. देठाशी इवलंसं फळ दिसलं तर ती मादी, तिला राहू द्या. परागणासाठी थोडी नर फुलंही वेलावर ठेवतात. भोपळ्याच्या फुलांची भजी करणाऱ्यांना हे सांगायला नको. बेसिलची पानं सुटी ओरबाडू नका. जिथे पानांची जोडी फुटलीय त्याच्या जरा वर शेंडा खुडा, म्हणजे खाली दोन फांद्या फुटतात.

आता पिची. सिएनाच्या परिसरातला हा जाड, लांब, हाताने वळलेला पास्ता. पीठ, पाणी, थोडं तेल. अंडं बहुधा नाहीच. चौघांना 400 ग्रॅम पीठ, साधारण 200 मिलीलिटर कोमट पाणी, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, चिमूटभर मीठ. पाणी एकदम ओतू नका, शेवटचे दोन-तीन चमचे हातात राखा. आपली चूक इथेच होते: पोळीच्या कणकेइतकं सैल मळलं जातं. हे पीठ पुरीच्या पिठासारखं घट्ट हवं. दहा मिनिटं मळून, झाकून अर्धा तास ठेवा. घाई केलीत तर वळताना दोरी आखडून मागे येते.

मग सेंटिमीटरभर जाड लाटून वरून तेलाचा हात फिरवा, तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्या कापा आणि लाकडी फळीवर तळव्यांनी मधून बाहेर लोळवत न्या, तीन-चार मिलिमीटर जाडी येईपर्यंत. फळीवर पीठ भुरभुरवायचं नाही. पिठावर दोरी घसरते, लोळत नाही. घसरलीच तर तळवा किंचित ओला करा. ज्यांच्या घरी वळवट होतं, गव्हले-मालत्या हाताखालून गेल्यात, त्यांचा हात इथे लवकर बसतो. वळून झालेल्या पिचीवर मात्र बारीक रवा सढळ टाका, नाहीतर गोळा होईल.

लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मीठ. पाण्यात तेल नको, सॉस धरत नाही. पिची पाचेक मिनिटांत शिजते, पण घड्याळापेक्षा चावून बघा. मध्ये पांढरा कच्चा ठिपका उरता कामा नये. उकळीचं पाणी वाटीभर राखून ठेवा. त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटो मिळून येतात.

सोबत बहुधा 'आल्योने'चा सॉस असतो. वाल्दिकियाना खोऱ्यातली ही मोठ्या पाकळ्यांची, सौम्य लसूण तेलात अगदी मंद आचेवर विरघळू द्यायची, मग सोललेले टोमॅटो. तांबूस होऊ दिलीत तर सगळा सॉस कडवट. घरी साधी लसूण वापराल तेव्हा प्रमाण निम्म्याहून कमी ठेवा.

चीजचं लपवत नाही. पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, तसा नियमच आहे. मेंढीच्या दुधाच्या बऱ्याच पेकोरीनो चीजमध्येही प्राणिज रेनेट असतं. चालत नसेल तर शिळ्या पावाचा चुरा तेलात कुरकुरीत परतून वर घाला. ही तिथलीच पारंपरिक रीत आहे, तडजोड नव्हे, आणि मला तर चीजपेक्षा तीच आवडते. फक्त नोंदणी करतानाच लिहून कळवा: अंडं नको, मांस-मासे नकोत, चीज नको. नुसतं 'शाकाहारी' म्हटलंत तर अंडं आणि चीज चालतं असंच धरलं जाईल.

घरी करताना मैदा चालतो. उरलेली पिची फ्रिजमध्ये ठेवू नका, काळपट होऊन चिकटते. ताटात सुटी पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि शिजवताना वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडा.