किती माणसं?

कोकणात घरगुती जेवण हवं असेल तर आधी सांगावं लागतं. सकाळी दहाच्या आत फोन करायचा. उशीर केलात तर "आता भात झाला ओ टाकून" असं ऐकून घ्यायचं. फोन उचलणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न नेहमी तोच: "किती माणसं?" मासे खाता की शाकाहारी, कुठून आलात, हे सगळं मागाहून. मी "एक" म्हणायचे. मग पलीकडे जरा शांतता. तेवढ्यात कुकरची एखादी शिट्टी ऐकू यायची.

"एक म्हणजे... एकच?"

मार्चअखेर माझ्या सहा रजा बुडणार होत्या. नवऱ्याचं इयर-एंडिंग, मुलाची परीक्षा. मैत्रिणींच्या ग्रुपवर 'जाऊया गं'ला अठरा अंगठे आले आणि तारीख एकही आली नाही. मग आमची जुनी लाल गाडी पुसली, हवा भरली आणि निघाले. बेत इतकाच, की ताम्हिणीने खाली उतरायचं, समुद्र गाठायचा आणि तो उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे जात राहायचं. पाच वाजता जिथे असू तिथे मुक्काम. रजा संपत आली की जवळच्या घाटाने वर. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे काहीच ठरवलं नाहीस, असं सरळ सांग ना."

समुद्र उजव्या हाताला ठेवायचा हे पुण्यात बसून फार सोपं वाटतं. शाळेत महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा म्हणून पाठ केला होता आणि नकाशावर तो पट्टीने मारल्यासारखा सरळ दिसायचा. प्रत्यक्षात रस्ता वाडीतून निघतो, माडाच्या बागांमधून अंग चोरत जातो, घाटी चढून कातळावर येतो, तिथे मैलभर नुसता सडा आणि वारा, आणि पुन्हा उतरतो तो खाडीच्या तोंडाशी. तिथे रस्ता संपतो. समोरच्या काठावर पुढचा रस्ता दिसत असतो, त्यावरची एसटीसुद्धा दिसते, फक्त मध्ये पाणी असतं. रेवस ते रेडी सलग सागरी मार्गाचं स्वप्न मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलोय. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर व्हायचेत. उरलेल्या ठिकाणी जंगल जेटी. या शब्दात जंगल कुठून आलं कोण जाणे, पण गाड्या वाहून नेणाऱ्या त्या सपाट बोटीला तिथे सगळे हेच म्हणतात. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री, अशा तीन नद्यांच्या खाड्या मी तिच्यावरून ओलांडल्या.

पण त्याच्या आधी हरिहरेश्वरला अडकले. देवळामागून प्रदक्षिणेची वाट आहे. डोंगरावर चढायचं, मग दोन कड्यांच्या फटीतल्या पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरायचं आणि लाटांनी जाळी पाडलेल्या खडकांवरून देवळाकडे परत यायचं. भरतीच्या वेळी हा खालचा भाग पाण्यात असतो. सकाळी सातला मी बूट घालून तयार. ज्यांच्याकडे उतरले होते ते आजोबा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "आज दशमी ना? दहाची पाऊणपट किती?"

"साडेसात."

"साडेसातला भरती. पुढे सहा तासांनी सुकती. दीडनंतर जा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी हळूच मोबाइलवर ताडून बघितलं. वीसेक मिनिटांचा फरक होता. आजोबांना तो सांगितला तर म्हणाले, "मोबाइल चुकत असेल." मग काय, दीडपर्यंत बसले. त्यांच्या सुनेबरोबर वाल सोलले. दुपारी त्याच वालांचं बिरडं, भात आणि आमसुलाचं सार. तिथे मात्र "किती माणसं" कुणी विचारलं नाही, कारण वाल मीच सोलले होते.

खालच्या खडकांवर पोचले तेव्हा वाट ओली होती आणि अख्ख्या वाटेवर मी एकटी. तिथे पंधरा मिनिटं मला कुणीही काहीही विचारलं नाही. नोंद करून ठेवावी अशीच गोष्ट आहे ही.

बागमांडल्याच्या जेटीवर तिकिटाच्या खिडकीत मुलगा बसला होता.

"गाडी एक. माणसं?"

"मीच."

"ड्रायव्हर?"

"तीही मीच."

त्याने खिडकीतून मान बाहेर काढून गाडीकडे बघितलं. कोणीतरी डिकीत असेल अशी शंका आली असावी. बोटीवर गाडी उलटी चढवायची होती. पुण्याच्या पार्किंगमध्ये गेली वीस वर्षं उलटीच गाडी लावतेय मी, पण लोखंडी उतारावर, खाली खाडीचं हिरवं पाणी आणि समोर चार पुरुष एकाच वेळी हात हलवताहेत, हा प्रकार वेगळा. एक म्हणतो उजवीकडे तोडा, दुसरा म्हणतो सरळ ठेवा, तिसरा नुसताच "या या या या", आणि चौथा अगदी शेवटी "बस्स!" असं ओरडतो, जसं काही गाडी त्यानेच चालवली. मी खाली उतरले तेव्हा चौघांच्याही चेहऱ्यावर समाधान होतं.

बोटीच्या कठड्याला टेकून एक मावशी उभी होती, पायाशी रिकामी टोपली. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"एकल्याच?"

"हो."

"घरात भांडून आलाव काय?"

नाही म्हटलं, रजा होती म्हणून आले. तिला ते पटलं नाही. रजेला लोक घरी झोपतात. "पोरं?" एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. "मग त्याला जेवूक कोण घालतो?" त्याचा बाप, म्हटलं. यावर ती इतकी हसली की बाजूचा मोटरसायकलवालाही हसायला लागला. वेश्वीचा काठ आला तेव्हा टोपली उचलता उचलता म्हणाली, "जावा. फिरा. पर फोन करा त्याला, गॅस बंद केलान काय म्हणून." आणि मी खरंच केला. केला नव्हता त्याने.

एकटीने फिरण्याबद्दल लोक 'स्वतःशी संवाद' वगैरे बोलतात. माझा स्वतःशी संवाद दिवसाला जेमतेम अर्धा तास व्हायचा, तोही 'पेट्रोल पुढे मिळेल का' एवढ्याच विषयावर. बाकी वेळ मी इतरांना उत्तरं देत होते. चौघांत आलेल्या माणसाकडे कोण बघतं? त्यांचे ते आपसात फोटो काढत असतात. एकट्या माणसाची मात्र चौकशी करावी लागते. तशी रीतच आहे इकडे. सुरुवातीला मला राग यायचा. हर्णैपर्यंत तो ओसरला.

हर्णैला संध्याकाळी बोटी लागल्या होत्या. किनाऱ्यावर लिलावाचा आरडाओरडा, बर्फाच्या गाड्या, आकाशात घारी आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मला वाटलं, मासे घ्यावेत आणि मुक्कामाच्या ठिकाणी शिजवायला द्यावेत. पण मासे वाट्यावर मिळतात, आणि वाटा लावलेला असतो घराच्या हिशेबाने. एका कोळणीला म्हटलं, अर्धा वाटा द्याल का. तिने कोलंबीच्या ढिगाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "अर्धा वाटा म्हनजे काय ग बाय? जा, कोनाकडं तरी जेव." म्हणजे मासे विकायलाच नकार.

जवळच मुरुड, महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते गाव. शाळकरी वयात परीक्षेसाठी ते काही मित्रांबरोबर सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते आणि तिथे त्यांना वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही, ही गोष्ट आमच्या घरी पिढीजात सांगितली जाते, 'कष्ट करा' या मथळ्याखाली. तिथल्या सुरूच्या बनात बसून मला प्रथमच असं वाटलं, की त्या मुलांनी तर सगळं ठरवलं होतं. तारीख, वाट, घाट, परीक्षा. आणि परत येताना त्यांनी रस्त्यात काय काय बघितलं असेल, हे मात्र कुणीच सांगत नाही.

दाभोळला पुन्हा जंगल जेटी. जिथे बोट लागते तिथून खाडीपलीकडे एन्रॉनच्या वेळचा तो वीजप्रकल्प दिसतो. नाव दाभोळचं, बदनामी दाभोळची, आणि प्रकल्प उभा पलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. बोटीवरच्या एका काकांनी हे मला अशा सुरात सांगितलं, की शेजाऱ्याच्या कार्ट्याने काच फोडली आणि नाव आमच्या बाळ्याचं आलं. चिपळूणवरून वळसा घालायचा तर दिवस मोडतो. बोटीने काकांची तक्रार पुरी व्हायच्या आत धोपावे आलं.

गुहागरच्या वाटेवर शिमगा भेटला. वळण घेतलं आणि समोर रस्त्यात संकासूर: काळा पायघोळ पोशाख, टोकदार उंच टोपी, पांढऱ्या वाखाची दाढी, कमरेला घुंगरू. मागे ढोलकी आणि दहाबारा पोरं. गाडी थांबवली. तो काही बोलला नाही. खिडकीतून आत डोकावला, मागची सीट बघितली, मग एक बोट वर केलं आणि मान तिरकी केली.

म्हणजे आता राक्षसाला पण तेच हवं होतं.

मी मान हलवली, हो, एकच. त्याने दोन उड्या मारल्या, घुंगरं वाजवली, शंभराची नोट घेतली आणि पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. मी पुढे निघाले तर एक पोरगा गाडीबरोबर धावत म्हणाला, "काकू, फुडं पालखी हाय, हळू जावा." पुढे खरोखरच पालखी होती. एका घराच्या खळ्यात नाचवत होते, दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, मुंबईचे नंबर जास्त. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मीही गाडी बंद केली. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, ढोल, धूळ, आणि चाकरमान्यांची इस्त्रीची शर्टं गुलालात माखलेली. पाऊण तास गेला असेल. कदाचित पाऊणपट.

तवसाळची जेटी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे हे सगळं भराभर झालं, कारण त्या दिवशी मला घाई करायची हुक्की आली होती. त्याचं कारण आठवत नाही. एवढं खरं, की आरे-वारेच्या वळणांवर समुद्र पहिल्यांदा पुण्यात ठरवल्याप्रमाणे वागला. अगदी उजव्या हाताला, खाली, लांबवर, सलग. मी गाडी कडेला घेतली. दहा मिनिटांत एक स्कूटर थांबली. "बंद पडली काय ताई?" नाही, बघतेय. "काय?" समुद्र. त्याने पण बघितला, शहानिशा केल्यासारखा, आणि गेला.

शेवटचा दिवस. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला जाऊन यायचं, दुपारी जेवून आंबा घाटाने वर चढायचं आणि रात्री घर. पावसच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो आणि तिथे कुणी माणसं मोजत नाही, पण मला शेवटचं मासे-भाताचं जेवण हवं होतं. साडेनऊला फोन लावला. "किती माणसं?" एक म्हटल्यावर बाई म्हणाल्या, एका माणसासाठी चूल नाही पेटवत ओ, परवडत नाही. दुसरीकडे लावला, तिथेही तेच. सहा दिवस कोकणात काढल्यावर माणूस थोडं तरी शिकतोच. तिसऱ्या फोनला मी सांगितलं, "दोन."

"या दीडला."

पोचले तेव्हा पडवीतल्या टेबलावर दोन ताटं मांडलेली. बांगडा, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सोलकढीचे दोन पेले. मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या, माझ्या मागे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"दुसरं माणूस?"

"नाही आलं," मी म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं ते.

त्यांनी त्या दुसऱ्या ताटाकडे बघितलं. माशी बसत होती ती हाताने उडवली. मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि भाकरी मोडली. "माझं पण ऱ्हायलंच होतं," म्हणाल्या. अर्धा पाऊण तास आम्ही जेवलो. त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला, सून शिमग्याला आली नाही, त्याची कारणं तीन. आमच्या घरच्या गॅसची गोष्टही त्यांना सांगून झाली. कालवण त्यांनी मला दोनदा वाढलं, स्वतः एकदाच घेतलं. शेवटी सोलकढी पिऊन त्या उठल्या, आत जाऊन चिठ्ठी आणली.

बिल दोन माणसांचं लावलं होतं.