थोरातांचे पत्र

सोलापूर, १५ जानेवारी

आज किंक्रांत. संध्याकाळपासून होम मैदानाकडे माणसांची रीघ लागली आहे, कारण रात्री शोभेचे दारूकाम आहे. जानेवारीचा हा आठवडा, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा, आमच्या गावात दाटीवाटीचा असतो: बाराला हुतात्मा दिन, तेराला यात्रेच्या अक्षता, चौदाला होम आणि आज हे. याच पंधरा तारखेला लष्कर दिनही असतो, कारण १९४९ साली या दिवशी करिअप्पांनी ब्रिटिश सरसेनापतीकडून सूत्रे हाती घेतली होती. पण गड्ड्याच्या धामधुमीत त्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही. मला राहते, कारण शाळेत असताना अठरा वर्षे एन.सी.सी. माझ्याकडे होती.

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी मुलांसमोर लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्यावर बोलायचे कबूल केले आहे. आठ दिवस टिपणे काढतो आहे. आज दुपारी शेजारचा अकरावीतला मुलगा आला. त्याचे वडील पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणतात; मुलाने मात्र एन.डी.ए.चा, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचा, ध्यास घेतला आहे. पट्ट्याचे पितळ चकचकीत करायला तो माझ्याकडे ब्रासो मागायला आला आणि टेबलावरची टिपणे वाचत तिथेच बसला. शेवटच्या पानापर्यंत गेला आणि म्हणाला, "म्हणजे सर, हे लष्करप्रमुख झालेच नाहीत?"

नाही झाले. मी त्याला तेवढेच सांगितले, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातला. इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत जाऊन १९२६ मध्ये ते राजाचे कमिशन, म्हणजे लष्करातले अधिकारपद, घेऊन आले. हिंदी अधिकाऱ्यांना गोऱ्यांवर हुकूम चालवावा लागू नये म्हणून त्या काळी मोजक्या पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या काढल्या होत्या. त्यांपैकी १/१४ पंजाब ही त्यांची पलटण. पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुब खान याच पलटणीत त्यांना कनिष्ठ होते.

इथे माझ्यातला सोलापूरकर अडखळतो, आणि ते टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. मे १९३० मध्ये या गावात मार्शल लॉ लागला, तेव्हा माझी आजी दहा वर्षांची होती. रस्त्यावर दिसेल त्याच्या डोक्यावरची गांधी टोपी काढायला लावणारे सैनिक तिने खिडकीच्या फटीतून पाहिले होते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. आमच्या घरात 'मिलिटरी' हा शब्द त्यानंतर कितीतरी वर्षे दबक्या आवाजातच उच्चारला जाई. त्या वर्षी थोरात त्याच सरकारच्या गणवेशात होते. मुलांसमोर हे सांगावे की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला आणि सांगायचे ठरवले. त्या पिढीतल्या अधिकाऱ्यांना एकाच वेळी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत होत्या: गोऱ्यांना हे दाखवायचे की हिंदी माणूस लढाईत पलटण चालवू शकतो, आणि आपल्या माणसांना हे की या गणवेशाच्या आत आपलाच माणूस आहे.

पहिली गोष्ट जानेवारी १९४५ मध्ये सिद्ध झाली. ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यालगत कांगॉ येथे ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे थोरात. माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता रोखायचा असेल तर मेलरोज नावाची टेकडी घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. ती थोरातांच्या जवानांनी चढून, संगिनींनी, हातघाईच्या लढाईत घेतली. तिघांनाही डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

दुसरी गोष्ट मला कोरियात दिसते, आणि मुलांसमोर मी इथे सर्वांत जास्त वेळ घेणार आहे. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात ठेवायचे ठरले. त्या सैन्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात होते. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही अशी भूमिका घेतली, म्हणून आपल्या जवानांना बोटींवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. दोन्ही बाजूंचा संशय, आणि हुकूम असा की शक्यतो गोळी चालवायची नाही. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आपल्या कुंपणात डांबले. बाहेर शस्त्रसज्ज पलटण उभी होती. थोरात मोजक्या माणसांसह, हातात शस्त्र न घेता, त्या खवळलेल्या जमावात शिरले, कैद्यांच्या म्होरक्यांशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला घेऊन बाहेर आले. गोळीबाराचा एक हुकूम दिला असता तर किती माणसे मेली असती आणि तो युद्धविराम टिकला असता का, याचा विचार मी अनेकदा करतो. त्यांना यासाठी अशोकचक्र, वर्ग दोन मिळाले. त्याच पदकाला आज आपण कीर्तिचक्र म्हणतो. त्या मुलाने हा भाग दोनदा वाचला. "हातात काहीच नव्हतं?" एवढेच त्याने विचारले.

१९५७ पासून ते लखनौला, पूर्व विभागाचे सेनापती. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी लष्करी मुख्यालयाला नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, संरक्षणाविषयी एक सविस्तर टिपण पाठवले. त्यातला विचार नकाशा समोर घेतला की शेंबड्या पोरालाही कळावा असा आहे. सीमेवरच्या चौक्या पातळ ठेवा. त्यांचे काम शत्रू आल्याची खबर देणे आणि त्याला जमेल तेवढा उशीर लावणे. खरी लढाई मागे, जिथपर्यंत आपला रस्ता, दारूगोळा आणि शिधा पोहोचतो तिथे द्या, म्हणजे तिबेटातून उतरणाऱ्या शत्रूची रसद डोंगरांमागे लांबत जाईल आणि आपली जवळ राहील. नेफाच्या पश्चिमेकडच्या कामेंग भागात ही जागा बोमडिलाच्या परिसरात येत होती. लष्करप्रमुख थिमय्यांना हे पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र ही भीती अनाठायी ठरवली. तरीही थोरात थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' हा युद्धसराव घेऊन, आहे त्या सैन्यबळात नेफा राखता येणार नाही, हे त्यांनी वरिष्ठांसमोर मांडले.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांची शिफारस थोरातांसाठी होती. नेमणूक थापर यांची झाली. थोरात त्याच महिन्यात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. 

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला आणि महिना उलटायच्या आत बोमडिला पडले. पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले, आणि हे टिपण आपल्याला का दाखवले गेले नाही, असे विचारले, हे थोरातांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले.

हा प्रसंग मी कोरड्या मनाने वाचू शकत नाही. मी एका शाळेत होतो, तिथल्या जुन्या इमारतीतल्या एका वर्गाच्या तुळईला तडा गेला होता. मी लेखी कळवले, तीन वेळा कळवले, सोबत फूटपट्टी धरून मोजलेली तड्याची रुंदीही दिली. एका पावसाळ्यात, रविवारी पहाटे ती तुळई तिसऱ्या आणि चौथ्या बाकांवर कोसळली. सोमवारी मला विचारण्यात आले, "तुम्ही आधी का सांगितले नाही?" मी आवक क्रमांक घातलेली प्रत पुढे केली. त्या क्षणी बरोबर ठरल्याचे समाधान अंशभरही वाटले नाही. डोळ्यांपुढे फक्त ते दोन बाक होते. नेफात तर बाक रिकामे नव्हते. दिल्लीतल्या त्या भेटीत थोरातांच्या मनात काय चालले असेल, त्याचा अंदाज मला एवढ्यावरूनच येतो.

संध्याकाळी मुलगा पुन्हा आला. आम्ही चित्रकलेच्या मोठ्या कागदावर कामेंगचा नकाशा काढला: खाली तेजपूर, मग बोमडिला, त्यावर से ला ही खिंड, तवांग, आणि अगदी वर सीमा. त्याने घरून शिंप्याचा निळा खडू आणला होता. त्याने आपल्या रसदेचा रस्ता त्या खडूने ओढला आणि लाल पेन्सिलीने शत्रूचा. सीमेवरच्या चौक्यांपर्यंत येता येता त्याची निळी रेघ इतकी बारीक झाली की तो थांबला. "सर, इथपर्यंत शिधा जायचा कसा?" मी म्हटले, "विमानातून टाकायचा, नाहीतर माणसांच्या पाठीवर." त्याने खडू खाली ठेवला, बोमडिलाभोवती बोटानेच एक वळसा काढला आणि म्हणाला, "मग लढायला इथेच थांबायला पाहिजे." टिपणातला एक शब्दही त्याला आठवत नव्हता, तो नुसता नकाशाकडे पाहत होता.

आता तो वडिलांबरोबर दारूकाम बघायला गेला आहे. पहिले बाण सुटलेले दिसत आहेत. माझ्या भाषणाचा आरंभ जन्मसाल, पदके आणि हुद्दे अशा क्रमाने होता. तो मी खोडला. नव्या पानावर पहिली ओळ लिहिली आहे: "८ ऑक्टोबर १९५९ रोजी लखनौच्या कचेरीतून एक पत्र निघाले."