रविवार, पाऊस आणि मिस्टर योगी

आज दिवसभर पाऊस. बाहेर पडायचा बेत बारगळला, म्हणून यूट्यूबवर ‘मिस्टर योगी’ लावली. आठवतेय का कुणाला? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर लागायची. ‘मालगुडी’, ‘नुक्कड’च्या आठवणी सगळेच काढतात, हिचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

गोष्ट साधीच. अमेरिकेतून लग्नासाठी आलेला गुजराती मुलगा बारा राशींच्या बारा मुली बघतो. मधु रायच्या गुजराती कादंबरीवरून केतन मेहतांनी केलेली. (त्याच कादंबरीवर २००९ मध्ये गोवारीकरांनी सिनेमाही केला. तो लांबला, एवढंच म्हणते.)

पण खरी गंमत ओम पुरींची! सूत्रधार म्हणून हा माणूस ऐन प्रसंगात टपकतो आणि टिप्पणी करतो. नाटकातली युक्ती, पण टीव्हीवर इतक्या सहजपणे वापरलेली मी क्वचितच पाहिलीय.

आणि मोहन गोखले. आपल्या मराठी नटाने तो अमेरिकन गुज्जू असा काही उभा केलाय की बास! मुलगी चहा घेऊन आली की त्याचं ते अवघडून हसणं, उगाच रुबाब करणं. आई शेजारी बसून डोळे पुसेपर्यंत हसली. १९९९ मध्ये ‘हे राम’च्या चित्रीकरणादरम्यान गेला तो. फार लवकर.

चार भाग सलग झाले, भाजी करपली. अजून बऱ्याच राशी बाकी आहेत. तुमच्याकडे अशी विसरलेली एखादी मालिका असेल तर सांगा, हवामान खात्याने उद्याही पाऊसच म्हटलंय.