बाजूला व्हा

आज गॅरेजमधली इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. काम लवकर उरकले, पण ‘बाबा, तुम्ही बाजूला व्हा’ हे निनादचे वाक्य अजून मनातून जात नाही. त्याच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती, आणि त्यामुळेच ते अधिक लागले. तो रागावला असता तर मी काही बोललो असतो. काळजीला काय उत्तर द्यावे ते सुचेना, म्हणून सरकलो.

१५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आम्लासकट ५० ते ६० किलो भरते, म्हणजे घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट. एकट्याने उचलण्याची ती वस्तूच नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. स्टोअरमध्ये असताना नव्या प्रत्येक हेल्परला मीच सांगत असे की ओझे पोटाशी धरा, कारण पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवरून ओढतात आणि ओझे ५० सेंटीमीटर पुढे गेले की त्यांना त्याच्या दहापट जोर लावावा लागतो. हे ज्याने इतक्यांना शिकवले, त्यालाच भिंतीशी उभे करावे? सुधा मागच्या पावसाळ्यातले दुखणे पुढे करील. त्याविषयी इथे लिहीत नाही. पण बाजूला व्हा म्हणजे नेमके कुठे व्हायचे? भिंतीला टेकून उभा असताना मला अडगळीतल्या मोडक्या खुर्चीसारखे वाटले.

मग नजर कामाकडे गेली. ट्रॉली स्कूटरच्या पलीकडे होती आणि मधल्या फरशीवर ऑइल सांडलेले होते. मी निनाद आणि समीर दोघांना थांबवले, स्कूटर बाहेर काढली, ऑइलवर भुसा टाकला. एक जण उचलतो आणि दुसरा अजून वाकलेलाच असतो, तेव्हा सगळा भार एकाच्या पाठीवर येतो, शिवाय बॅटरी कलून व्हेंट प्लगमधून आम्ल सांडण्याची भीती असते. म्हणून ‘तीन’ म्हटल्यावरच उचला असे बजावून मोजणी मी केली. दोरीची हँडल ताणली, निनादच्या बोटांची पेरे पांढरी पडली आणि बॅटरी दोन्ही बाजूंनी एकदम वर आली. ट्रॉलीपाशी तो कमरेतून वळू लागला. ‘पाय फिरव,’ मी म्हणालो, आणि त्याने छोटी छोटी पावले टाकत सगळे अंग वळवले. समीरनेही तसेच केले.

वाईट वाटले ते वाटलेच, आणि लिहिताना अजूनही वाटते आहे. दोरीचा वळ माझ्या तळहातावर नाही, याचेही वाटते. परंतु ज्याच्या हातात ओझे असते त्याला स्वतःच्या पायांपुढचे दिसत नाही, आणि आज ते मला दिसत होते. तेवढी जागा माझी आहे, असे धरून चालायला मी तयार आहे.

दिवाळीआधी आईचा दगडी रगडा हलवायचा आहे. त्याला धरायला कडा नाही, त्यामुळे तो उचलायचाच नाही. पहारीने एक बाजू किंचित उचकटून खाली लोखंडी पाइपचे तुकडे सरकवायचे आणि ढकलत न्यायचा. तुकडे मी कापून ठेवतो. निनाद आणि समीरला शनिवार मोकळा ठेवायला सांगितले आहे.